यमूचा दाखला

९ मे १९३७, लोणावळे

राजमाचीहून परत. टाचा सोलल्या. घरात सगळे गप्प. माझ्यावरून असतं तेव्हा आई भांडी आपटते. आज भांडी शांत, म्हणजे कारण दुसरं.

यमू. धाकटी बहीण आमची इंग्रजी पाचवी पास झाली, वर्गात पहिली. टिपणीस मास्तर निकाल सांगायला स्वतः रेल्वेच्या चाळीत आले. गावची शाळा लहान. वरच्या वर्गांचं गणित, शास्त्र, इंग्रजी सगळं हा एकटा माणूस ओढतो. आईनं पाट टाकला तरी उभेच. जाताना म्हणाले, "हिला थांबवू नका." तेवढं निमित्त झालं आणि यमूनं आबांना सांगून टाकलं, मला डॉक्टर व्हायचंय. मला दोन वर्षांमागं म्हणाली होती, तेव्हा मी हसलो होतो. आबा हसले नाहीत. सिग्नलच्या केबिनवर जायची पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाले, "मग पुण्याच्या मोठ्या शाळंत घालू. आता वरच्या वर्गात पोरीबी घेत्यात. दाम्या व्हता तितं."

दाम्या म्हणजे मी. होतो तिथं. खरं आहे.

११ मे

आई : पंदरा वर्साची पोर. पुण्याला मावशीच्या दोन खोल्यांत सात माणसं. हिला निजवायची कुटं, फळीवर?

आबा : सायन्सच्या कालेजात जागा मोजक्या. त्या शाळंची पोरं डोळं झाकून घेत्यात. समदे म्हणत्यात.

आई : समदे म्हंजी कोण?

आबा : समदे.

यमू दाराशी तांदूळ निवडत होती. एकच खडा चार वेळा सुपाबाहेर टाकला. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होतो.

१९ मे, खंडाळा

बंगल्यावर पुण्याच्या कॉलेजातले एक प्रोफेसर उतरलेत, बायकामुलांसह. त्यांना कडे आणि धबधब्याच्या कोरड्या जागा दाखवायचं काम मिळालं. जाडे, पण चालतात. वाटेत विचारलं, साहेब, कॉलेजात घेताना शाळा बघता का हो? म्हणाले, "गुण बघतो." थोडं चालून, "शाळाही बघतो." आणखी थोडं चालून, धापा टाकत, "खरं म्हणजे मुलगा बघतो." मुलगी असली तर? थांबले. चष्मा पुसला. "मुलगी असली तर आधी आम्हीच गडबडतो."

चांगला माणूस. खरा प्रश्न पुढेच होता. चांगली शाळा मुलांना चांगलं करते, की आधीच चांगली असलेली मुलं गोळा करून बसते? पण तेवढ्यात कड्याखालून एक शिक्रा वर आला, अगदी आमच्या डोळ्यांच्या पातळीला, पंख न हलवता. तो दिसेनासा होईपर्यंत बघत बसलो आणि प्रोफेसर पुढे निघून गेले होते.

२ जून, लोणावळे

झोपाळ्यागत मन हलतंय. लिहून टाकतो, वाचणारं कोण आहे.

त्या शाळेच्या पुढच्या दालनात काळे फळे आहेत, वर सोनेरी अक्षरं. अमुक साली मॅट्रिकला किती बसले, किती उतरले. जवळजवळ सगळेच उतरलेले. आबा मला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा टोपी काढून त्या फळ्यांपुढे उभे राहिले, देवापुढे राहतात तसे.

फळ्यावर नसतं ते असं. सातवीला, म्हणजे मॅट्रिकच्याच वर्षी, डिसेंबरात प्रिलिम घेतात. तीत जे घसरतात त्यांचा मॅट्रिकचा फॉर्म शाळा वर पाठवतच नाही. जो बसलाच नाही तो नापास होणार कसा? माझा फॉर्म पाठवला नव्हता. घरी सांगितलं, मन रमत नाही, शाळा सोडली. साडेतीन वर्षं हेच चाललंय. आई अजून म्हणते, सोन्यासारखी शाळा लाथाडली पोरानं.

आता सांगावं तर वाटेल, स्वतः पडला म्हणून बहिणीच्या पायात येतो. न सांगावं तर.

पण हेही खरं की तिथं काचेची कपाटं भरून यंत्रं आहेत. शास्त्राची वेगळी खोली आहे. नळ आहे टेबलाला. आमच्या शाळेत शास्त्राचं कपाट म्हणजे एक तराजू, दोन चंचुपात्रं, आणि खालच्या कप्प्यात मास्तरांची छत्री.

१० जून

दाखला काढला. पुण्याच्या शाळेत परगावची नावं परवा शनिवारी बारापर्यंतच घेणार. दाखल्याशिवाय उभंही करत नाहीत. आबांची केबिनवर दिवसपाळी, म्हणून मी जायचं. नाव नोंदवलं की सोमवारी यमूला पोचवायची.

टिपणीस मास्तरांनी दाखला लिहायला फार वेळ लावला. अक्षर त्यांचं मोत्यासारखं, तरी आज जास्तच. वर्तन या रकान्यात काय लिहायचं म्हणून टाक थांबला. मग लिहिलं, 'उत्तम'. मला म्हणाले, "तिकडे प्रवेश झाल्याचा कागद आल्यावर इथलं नाव कमी करायचं म्हणत होतो. तुम्हाला घाई आहे." मी म्हटलं, घाई आहे. दौतीचं झाकण लावत म्हणाले, "मग झालं. आजपासून ती इथली नाही."

१२ जून, शनिवार. पुणे स्टेशन, दिवेलागण

गाडीला अजून वेळ आहे. अक्षर असं, कारण हात दोरानं सोललाय.

सकाळची गाडी धरली होती. कामशेतला फलाटावर मामा. टाकव्याहून दोर घ्यायला आलेला. मला डब्यात बघून खिडकीशी पळत आला, "दाम्या, उतर. मळ्यातल्या विहिरीत तरस पडलंय. जित्तं हाय. माणसं कमी हायत वढायला." मी म्हटलं, मामा, पुण्याला जायचंय, यमूचं नाव घालायला. "दोन घटकांचं काम. मागची गाडी हाय की." उतरलो.

दोन घटका कुठल्या. टाकवे काही स्टेशनला लागून नाही. विहिरीच्या कडेला सगळं गाव. बाज उलटी बांधून दोरांनी खाली सोडली. तरस कपारीला चिकटून बसलेलं, ओलं, कान पडलेले. दगड मारायला निघालेल्या दोघांना मामानं हाकललं. बाज पाण्याला लागली तरी ते हलेना. तासभर दोर धरून उभे. मग एक पाय ठेवला, काढला, परत ठेवला, आणि चढून बसलं. पाहुण्यासारखं. ओढताना माझा हात सोलला. वर आल्यावर सगळे पळाले, झाडावर काय चढले, आणि ते बिचारं बाजेवरच बसून. इकडे तिकडे बघितलं, उतरलं, लंगडत डोंगराकडे गेलं. घाई म्हणून नाही.

तेव्हा खिशाला हात लावला. दाखला घामानं भिजलेला. सूर्य डोक्यावरून कलला होता.

तरीही पुण्याला गेलो. फाटक बंद. गड्यानं सांगितलं, सोमवारी या, पण यादी लागली.

१३ जून

सांगितलं. आई चुलीपुढून उठली नाही. आबा म्हणाले, "तरस." एवढंच, आणि पिशवी न घेताच कामावर गेले. आईनं मागून पाठवली.

यमू मागच्या ओट्यावर. मी जाऊन बसलो. ती म्हणाली, "निघालं का पण?"

काय?

"तरस."

म्हटलं, निघालं. लंगडत होतं. म्हणाली, "कुठला पाय?" मागचा डावा. मग हात दाखव म्हणाली. हळद लावली. लावताना तिचे डोळे भरलेले, आणि मला वाटलं की तिनं मला एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

तरस नसतं तर मी बारापर्यंत त्या फाटकात उभा राहिलो असतो का? हा प्रश्न मी इथंच ठेवतो.

१४ जून, पुणे

कारकून म्हणाला, जागा भरल्या. दाखला वाचून, "गुण चांगले आहेत हो मुलीचे. शनिवारी का नाही आलात?" मी सांगितलं नाही. फळ्यावर नवी तीन वर्षं रंगवलीत. कोणी मला ओळखलं नाही. बरं वाटलं. वाईटही वाटलं.

१५ जून, लोणावळे

म्हणजे यमू आज कुठल्याच शाळेत नाही. तिकडे घेतलं नाही, इकडून काढलेली. मीच काढली.

मास्तरांकडे गेलो. बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. आत मधल्या वर्गाचे पाढे चालू. सुट्टी झाली, पोरं गेली, ते कुलूप लावायला लागले तेव्हा म्हटलं, मास्तर, माझी चूक आहे, तिची नाही. म्हणाले, "ते मला ठाऊक आहे. तुझी शिक्षा तिला नको म्हणूनच विचार करतोय. तू काय करतोस दिवसभर?" म्हटलं, हिंडतो. "कुठं?" सगळीकडे. म्हणाले, "छान. मला हिंडणारा माणूस पाहिजे. पुण्याची शाळा यंत्रं विकत घेते, मला ती गोळा करावी लागतात. जे सांगेन ते आणायचं. आणि येताना वाटेत कुठं उतरायचं नाही."

यमूचं नाव पुन्हा घातलं. नव्या नंबरानं, हजेरीत शेवटी. पहिली आलेली पोर शेवटी.

८ ऑगस्ट

मास्तरांची प्रयोगांसाठीची यादी : मोरचूद, नवसागर, तांब्याची पट्टी, जस्ताची कांडी, चुनखडी, काचेची नळी, जमल्यास पारा. पारा कुठून आणू.

करीमचाचा कल्हईवाले, बाजारात बसतात, नवसागर त्यांच्याकडे. "काय रं दामू, तुज्या आयशीची भांडी मीच करतो, मग तुला नवसागर कशाला? धंद्यात उतरतो का माज्या?" यमूच्या शाळेला म्हटल्यावर जास्तच बांधून दिला, वर म्हणाले, "पोरीला म्हनावं, कुत्रा चावल्यावरची सुई घालायला शिक आदी. माजा भाऊ त्यातच गेला." चाचा मग परत भाता हलवायला लागले.

जस्ताची कांडी आबांनी आणली. केबिनमधल्या तारेच्या बॅटरीतली, झिजून टाकलेली. स्टेशनमास्तरांना विचारून आणली, तसं दोनदा सांगितलं. तरसानंतर माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

२२ ऑगस्ट

घंटी वाजली. बरणीत नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची कांडी आणि तांब्याची पट्टी, तारा, आणि टोकाला घंटी. यमूनं जोडलं. मास्तर लांब उभे, हात मागं. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, मग एकदम. यमू घाबरून मागं सरली आणि हसली. मी खिडकीबाहेर. आत यायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

३ मार्च १९३८

सहा महिने लिहिलं नाही. बोरघाटानं खाली कोकणात गेलो, मीठ भरणाऱ्यांत राहिलो, तिथून एका गलबतावर. मास्तरांचा पारा मात्र आणला, पनवेलच्या एका वैद्याकडून, कुपीत. यमू सहावीच्या सहामाहीत दुसरी. पहिला आला तो स्टेशनमास्तरांचा मुलगा. "त्याला घरी शिकवणी आहे," आई म्हणाली, आणि लगेच, "पुण्यात असती तर." तिथंच थांबली. मी जेवत होतो. आईनं भाकरी वाढली.

१७ डिसेंबर

प्रिलिमच्या आठवड्यात यमूला हिवताप. एकाआड एक दिवस. तापाच्या दिवशी गणित आलं. घोंगडी पांघरून गेली. पेपरात अर्ध्यावर रेघ ओढलीय आणि खाली काही नाही.

३ जानेवारी १९३९

गणितात नापास. आमच्या शाळेतही फॉर्म पाठवायचा की नाही हे मास्तरांच्या हातात. शाळेची कमिटी म्हणते, पाठवू नका, पडली तर शाळेचं नाव जातं, शाळा आधीच लहान.

मी गेलो. बोलणार होतो बरंच. मास्तर फॉर्मच भरत होते, तेच अक्षर. वर न बघता म्हणाले, "मी मुलीचा फॉर्म भरतोय, तापाचा नव्हे. जा, दारातून बाजूला हो, वाऱ्यानं सही वाळू दे."

रस्त्यावर येऊन रडलो. का, ते नीट कळलं नाही. ती पुण्याला असती तर तिचा फॉर्म आज कपाटात राहिला असता. हे मला ठाऊक आहे तसं कोणाला ठाऊक असेल. पण पुण्याला असती तर डास कमी, ताप आला नसता. असंही कोणी म्हणेल.

५ जानेवारी

दुपारी केबिनवर गेलो. आबा सिग्नलच्या खटक्यांपाशी. गाडी येईपर्यंत थोडा वेळ होता. म्हटलं, आबा, मी शाळा सोडली नव्हती. त्यांनी फॉर्म अडवला होता.

आबांनी फडक्यानं खटक्याची मूठ पुसली. "ठावं हाय. पत्र आलं व्हतं इंग्रजीतनं. स्टेशनमास्तरांनी वाचून दावलं."

इतकी वर्षं.

"तू सांगशील म्हून थांबलो."

मग यमूला तिथंच का घालत होता? म्हणाले, "मला कसं कळावं रं शाळा बरी का वाईट? म्होरल्या केबिनीतनं घंटा आली का मी सिग्नल पाडतो. गाडीत कोण बसलंय ते मला हितनं दिसत न्हाई. लोकांनी घंटा दिली, मी पाडला." मग घंटा आली. खटका ओढताना मला म्हणाले, "धर." दोघांनी ओढला. जड असतो. मला ठाऊकच नव्हतं.

आईला सांगू नको म्हणाले. तिला तू लाथाडलीस तेच बरं वाटतं.

१४ मार्च, पुणे

मॅट्रिक चालू. यमू मावशीकडे, खरंच फळीखाली निजते. परीक्षेच्या दाराशी मोठ्या शाळेची मुलं एका घोळक्यात, त्यांचे शिक्षक शेवटच्या मिनिटापर्यंत प्रश्न विचारतायत. आमच्या शाळेचे इथं सहा जण. मास्तरांनी प्रत्येकाला एक एक पेन्सिल तासून आणली होती. यमू म्हणाली, "माझ्याकडे आहे." "असू दे," म्हणाले.

गणिताचा पेपर झाल्यावर बाहेर आली. विचारलं नाही. चालता चालता तिनंच सांगितलं, "ताप नव्हता आज."

९ जून, लोणावळे

उतरली. दुसरा वर्ग. गणितात चांगले, इंग्रजीत बेताचे. मास्तरांचे सहापैकी चार उतरले. चाळीत पेढे. करीमचाचांनी आईची परात फुकट कल्हई करून दिली, आई नको नको म्हणत असताना.

मोठ्या शाळेचा निकाल पेपरात छापून आलाय. जवळजवळ सगळेच उतरले.

रात्रभर नव्हे, पण जेवण होईपर्यंत तेच डोक्यात. ती तिथं असती तर पहिला वर्ग आला असता का? की आलीच नसती इथवर? एकच यमू आहे, दोन शाळांत एकदम घालून बघता येत नाही. आईला तसं म्हटलं. "एकच हाय ते बरं हाय," म्हणाली, "दोगींना पुण्यात कुटं ठिवलं असतं."

२० जून, पुणे, कॉलेजची पायरी

बसून लिहितोय. यमू आत आहे.

सायन्सला टेबलं जितकी तितक्याच जागा. सकाळपासून रांग. रांगेत आमच्या पुढं चौदा, मागं मोजले नाहीत. दहाच्या सुमारास मोठ्या शाळेचे एक शिक्षक आले, पगडी, उपरणं. हातात फॉर्मांचा गठ्ठा, फितीनं बांधलेला. रांगेत नाही उभे राहिले. शिपायानं दार उघडलं, आतून "या, या" ऐकू आलं. थोड्या वेळानं नुसतेच बाहेर आले. गठ्ठा आत.

तर हे असं असतं. गुणांचं नाही, यंत्रांचं नाही. गठ्ठ्याचं. दोन वर्षांमागं मी खिशात दाखला घेऊन कामशेतला उतरलो, तेव्हा मी तिला ह्या गठ्ठ्यातून काढलं. यमूनंही गठ्ठा पाहिला. मी तिच्याकडे बघेना. ती म्हणाली, "दादा, पाय आखडले असतील तर बस जा सावलीला."

आमची पाळी आली. कारकून : "शाळा?"

यमू : "लोणावळ्याची."

कारकून : "तिथं मॅट्रिकपर्यंत शाळा आहे?"

यमू : "आहे. तिथूनच आलेय."

त्यानं फॉर्म फिरवून बघितला. म्हणाला, लहान शाळांतली मुलं असतील तर सर स्वतः बोलावून विचारतात. प्रयोग किती केलेत वगैरे. मोठ्या शाळेच्यांना विचारत नाहीत. "आणि मुलींच्या बाबतीत," म्हणाला आणि फॉर्म शिपायाकडे दिला. शिपायानं यमूचं नाव पुकारलं. तिनं पदर खोचला, मला पिशवी दिली आणि गेली.

दार झुलतं आहे, खाली हातभर फट. तिचे पाय दिसतात. आधी दोन्ही जोडून होते. आता एक थोडा पुढं आहे. आवाज येतो, शब्द नाही. पुरुषाचा, मग तिचा, मग पुरुषाचा. तिचा बराच वेळ. खुर्ची सरकल्यासारखं झालं. पाय आता दिसत नाहीत. बसायला सांगितलं असेल. किंवा दुसऱ्या खोलीत नेलं.

बाहेर रस्त्यावर माणसं पळतायत, काहीतरी झालंय तिकडे, पोरं झाडावर चढून बघतायत. रांगेतले पाच-सहा जण गेले बघायला. शेजारच्यानं विचारलं, येतोस का? म्हटलं, नाही.

दाराकडे तोंड करून बसलोय. अजून आतच आहे.